झाकण उघडायचं नाही

वैशाख शुद्ध तृतीया. मुक्काम आष्टी, जिल्हा वर्धा. वेळ दुपारची.

हजर : घरमालकीणबाई, म्हणजे काकू. त्यांचा मुलगा. सून. घागर भरायला आलेले गुरुजी. पितर म्हणून जेवायला बसवलेले शेजारचे निवृत्त मास्तर. आणि मी, वरच्या खोलीतली भाडेकरू.

गैरहजर : काका, कारण गेलेल्यांच्या नावाने आज पाण्याची घागर भरतात आणि आजची घागर त्यांचीच होती. आणि काकांची मुलगी. तिला कोणत्या रकान्यात लिहावं ते मला ठरवता आलेलं नाही, म्हणून तिच्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.

मी पंचायत समितीत आस्थापनेचं काम बघते. कोण हजर, कोण रजेवर, कोणाचं काय बाकी, हे लिहून काढलं की मला पुढचं सुचतं. काकांच्या बाबतीत तसं होत नाही. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की क्रम लागत नाही. सवयी आठवतात, एक वाक्य आठवतं आणि एक भांडं आठवतं.

वाक्य असं : "लो वर ठेवा."

बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. पंखे, कुलर, मिक्सर, वायरींची भेंडोळी. कुलर न्यायला आलेल्या शेतकऱ्याला ते सांगत, "हाय वर लावसान त मोटर बसन. लो वर ठेवा, दोन उन्हाळे जास्त चालन." जळका मिक्सर घेऊन कोणी तावातावाने आलं तर त्याला स्टूल देत आणि तेच सांगत. नातवाचं रडणं, टीव्हीवरची भांडणं, सुनेचा स्टोव्ह, सगळ्यावर त्यांचा एकच उपाय होता. स्वतः चालतही तसेच. रस्ता ओलांडण्याआधी एवढा वेळ उभे राहत की बैलगाडीवाला थांबून विचारी, शेठ, जाऊ का तुम्ही जाता? बाजारात त्यांना मागून 'लो शेठ' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "हाय शेठपेक्षा बरं हाये," म्हणत.

खोली बघायला मी गेले तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, घरी कोण कोण हेही विचारलं नाही. विचारलं ते असं : "म्याडम, तुमी सैपाक करताना घडीघडी झाकन उघडून पाह्यता का?"

मी म्हटलं, मी घड्याळ लावते.

"मंग राहा," ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "पाहा बाई, हे असं हाये आमच्या घरी. आताच इचार करून घ्या."

भांडं म्हणजे विजेवर चालणारं, मंद आचेवर शिजवणारं एक लांबट भांडं. आत जड पांढरी चिनीमातीची कढई, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. बटणाच्या एका अंगाला 'लो', दुसऱ्याला 'हाय'. 'हाय'वर काकांनी वायरींची काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. तसलं भांडं आष्टीत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, त्यांच्या दुकानातही नव्हतं. कुठून आणलं असं कोणी विचारलं की सांगत, कंपनीने नमुना पाठवला.

हे भांडं वर्षभर माळ्यावर असे. चैत्र लागला की खाली उतरे आणि पावसाळ्यापर्यंत त्यात एकच पदार्थ होई, फळांचा. भांड्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती, तीत उन्हाळ्याच्या गोड पदार्थाचं चित्र होतं. मी राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात ती त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. त्यातली अर्धी फळं मला नावानेच माहीत होती. ही इकडे मिळत नाहीत, असं मी सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "जे भेटत नाई ते सांगू नका. किती वेळ ठेवाचं ते सांगा."

ते करायचे ते असं. पाडाचे आंबे, फार पिकलेले नकोत, त्यांच्या जाड फोडी तळाला. त्यावर तळेगावकडच्या बागांतली मृग बहाराची शेवटची संत्री. प्रत्येक फोडीची साल आणि बी काढून, कारण ती राहिली तर सगळं कडू होतं. मग चिकू. वरून चिरलेला गूळ, दोन-तीन लवंगा. सगळ्यात वर तुपात चोळलेल्या जाडसर कणकेचा थर. झाकणाखाली धुतलेला पंचा ताणून बांधायचा, म्हणजे वाफेचं पाणी कणकेवर टपकत नाही. सकाळी बटण लो वर करायचं आणि दुपारपर्यंत तिकडे बघायचं नाही. चुलीजवळ उभं राहायला नको, घर तापत नाही, ढवळावं लागत नाही. झालं की कढई रांजणाखालच्या ओल्या रेतीत ठेवून गार करायची. एवढी सोपी गोष्ट. पण ती होईपर्यंत ते दुकानात जात नसत. खुर्ची टाकून भांड्यासमोर बसत. दुपारी लाईन गेली की घरातले पंखे बंद पडत आणि इन्व्हर्टरवर भांडं चालू राही.

"मानसं भाजून निंघून राह्यली," काकू पदराने वारा घेत म्हणत, "अन् यायच्या भांड्याले लाईन पाह्यजे."

"मधात थंडं झालं त फिरून पहिल्यापासून कराव लागते," काका म्हणत. "आपल्याले नाई जमत पहिल्यापासून."

मला ते तेव्हा स्वयंपाकाबद्दलच वाटलं.

माझी तिथली पहिली अक्षय तृतीया. आदल्या दिवशी काकू वर आल्या. "बाई, उद्या आमच्याकडे जेवाले बसाचं हाये. पितराच्या पाटावर."

आमच्याकडे हे चालतं. गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या वयाचं, त्याच्यासारखं कोणी बोलवायचं, पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि गेलेल्याला आवडे ते वाढायचं. बसणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं, तो मान असतो. मी विचारलं, कोणाच्या नावाने. "घरातल्याच बाईच्या," काकू म्हणाल्या.

खाली देवघरासमोर गव्हाच्या राशींवर तीन घागरी होत्या. दोन मोठ्या, काकांच्या आईवडिलांच्या, त्यांच्या तोंडावर खरबूज. तिसरी लहान, तिच्यावर आंबा. माझा पाट तिच्यासमोर होता. मला वाटलं, लहानपणी गेलेली बहीण असेल, किंवा आत्या. काकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि तांब्या रिकामा झाल्यावर पुन्हा भरून आणला. तीही रीत असेल म्हणून मी सोडून दिलं. पुरण, कुरड्या, रस, सगळं काकू वाढत होत्या. भांड्यातला तो फळांचा पदार्थ मात्र काकांनी स्वतः वाढला आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले.

"संत्र्याची बी त नाई आली?"

"नाही काका. छान झालंय."

"अजून घ्या. ताटात काई ठेवू नका."

मी पूर्ण खाल्लं. त्यांनी माझं उष्टं ताट उचलून नेलं आणि मोरीत उभे राहून बराच वेळ नळ सुरू ठेवला.

संध्याकाळी भांडी पुसताना मी काकूंना सहज विचारलं, "त्या कशाने गेल्या?"

"गेली नाई," काकू म्हणाल्या. "इंदोरले हाये."

त्यांनी पुसलेली वाटी फडताळात ठेवली. मग दुसरी घेतली.

सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. मुलगी नागपूरला दवाखान्यात नोकरी करत होती. तिथल्याच एका सहकाऱ्याशी, दुसऱ्या समाजातल्या, तिने लग्न केलं आणि दोघं निघून गेली. इकडे मुलाचं लग्न ठरलेलं. भाऊबंद घरात येऊन बसले. मुलगी मेली असं करा, नाहीतर आम्ही मांडवात येत नाही, आणि नवरीकडचेही येणार नाहीत. पंधरवड्यात अक्षय तृतीया होती. काकांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि तिची घागर भरली. कोणाच्या हाताने नाही, स्वतःच्या. मुलाचं लग्न लागलं. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

"जिंदगीत एक काम मानसानं हाय वर केलं," काकू म्हणाल्या. "तवापासून हे लो सुरू हाये."

भांडं पुढच्या उन्हाळ्यात आलं, कुरिअरने, दुकानाच्या पत्त्यावर. आत चिठ्ठी नव्हती. पत्त्याचं अक्षर काकांनी ओळखलं. काकूंचे गुडघे तेव्हाच गेले होते, चुलीपुढे उभं राहवत नव्हतं, आणि हे मुलीला माहीत होतं. भांडं कशासाठी आलं हे कोणाला सांगावं लागलं नाही. मुलगा म्हणाला परत पाठवा. काकांनी खोक्यावरचा पत्ता आणि फोन नंबरचा तुकडा कापून पाकिटात ठेवला आणि भांडं माळ्यावर चढवलं.

त्यानंतरही मी दोन वर्षं त्या पाटावर बसले. जिवंत बाईच्या नावाने जेवायला बसणं मला पटत नव्हतं. पण मी बसले नसते तर दुसरं कोणी बसलं असतं, आणि काका त्या ताटाकडे कसे बघत ते त्या दुसरीला कळलं नसतं.

मग एका चैत्रात ते वर आले. हातात कोरा कागद आणि पेन. "म्याडम, गुरुजीकडे चाला. यादी करून घ्याची हाये."

"कशाची?"

"घागर वापस घ्याची."

गुरुजी ओट्यावर पंचांग बघत होते. काकांनी त्यांना एवढ्या शांतपणे विचारलं की जणू वायरीचा भाव विचारत होते : माणूस मेला नसताना त्याची घागर भरली, तर ती परत घ्यायला काय काय सामान लागतं?

गुरुजींनी पंचांग मिटलं. ती घागर त्यांनीच सांगितली होती. मग म्हणाले, "शास्त्रात आहे. मेला समजून ज्याचं सगळं केलं तो परत आला, तर त्याचा नव्याने जन्म झाला असं धरतात. पहिल्यापासून सगळं करायचं. बारसंसुद्धा."

"नाव कोन ठेवन?"

"आत्या कानात सांगते. आत्या नसेल तर आईने सांगावं."

आत्या गेलेली होती. काका म्हणाले, "लिहा म्याडम. आई." मी लिहिलं. पाळणा, नवं वस्त्र, घुगऱ्या, तूप, हेही लिहिलं.

"अन् फोटो ठेवला त चालते का?"

"शेठ, माणूस समोर पाहिजे," गुरुजी म्हणाले.

घरी येताना काका रस्त्याच्या कडेला नेहमीसारखे उभे राहिले. गाडी नव्हती, सायकलही नव्हती. तरी उभे होते. मग पाकीट काढून खोक्यावरचा तो तुकडा मला दिला. "तुमी बोला. माहा आवाज आयकून थे फोन ठेवून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फोनवरून लावला. तिनेच उचलला. मी कोण, कुठून बोलते, वडिलांनी काय विचारलं आहे, कोणता विधी आहे, सगळं क्रमाने सांगितलं. तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. शेवटी तिने विचारलं, "अजून भरतात का ते माझी घागर?"

मी खरं ते सांगितलं.

"मग त्यांना सांगा, ताई, पाणी पोचतं मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि मेलेली माणसं येत नसतात."

मी निरोप जसाच्या तसा दिला. शब्द बदलणं माझ्या कामात बसत नाही, आणि काकांना बदललेले शब्द कळले असते. त्या दिवशी भांडं सुरू होतं. त्यांनी उठून पंचा सोडला, झाकण उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कणिक वरून कच्ची राहिली, रात्री आम्ही ती तशीच खाल्ली.

त्या अक्षय तृतीयेला त्यांनी तिसरी घागर भरली नाही. मुलाने विचारलं, "बाबा, काऊन बंद केली?" ते म्हणाले, "पानी पोचून राह्यलं थे तिले. बंद कराव लागन." आणि मग ते दुपारचे तळेगावला जायला लागले.

नागपूरच्या गाड्या तिथे हमरस्त्यावर थांबतात. इंदोरहून येणाऱ्या माणसाला तिथेच उतरून आष्टीकडे वळावं लागतं. माल यायचा आहे, असं सांगून काका एसटीने जात, डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. रसवंतीच्या बाकावर बसत आणि शेवटच्या गाडीने परत येत. माल कधी आला नाही. ती येणार असं कोणी म्हटलं नव्हतं. मी त्यांना समजावायला गेले, "काका, ती काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगतलं न तुमी. बरोबर सांगतलं."

"मग?"

"लो वर हाये, म्याडम."

ते दिवस असे होते की हँडपंपाचा दांडा धरवत नव्हता आणि दुपारी कुत्री नालीत बसत. एकदा परत आले ते अंग तापवून. कांदा खिशात सुकून गेला होता. दवाखान्यात सलाईन लावलं. ते शुद्धीत फार नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

तिला कळवायचं माझ्या डोक्यात पहिलं होतं. मुलगा दारात उभा होता. वाईट माणूस नाही तो. रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "मेलेल्या मानसाले सुतक नसते, म्याडम. निरोप देत नसतात." काकूंनी माझा हात धरून मला आत नेलं. "तुमी नका सांगू, बाई. मी सांगतो. माह्या तोंडानं सांगतो."

ते सांगणं तेव्हापासून राहिलं आहे. एक वर्ष होत आलं.

आज मी खाली गेले तर तीन नव्हे, चार घागरी होत्या. काकांची नवी, मोठी. आणि कोपऱ्यात पुन्हा ती लहान, वर आंबा. मुलाने आणली होती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"बाबानं बंद केली अन् त्याच उन्हाळ्यात गेले," तो म्हणाला. "माह्या घरात लहान पोरगं हाये. तुमी बसा न पाटावर."

"मी बसणार नाही," मी म्हटलं. "मी तीन वर्षं बसले. आता नाही."

त्याने सुनेकडे पाहिलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली. मास्तर काकांच्या घागरीसमोर बसले. लहान घागरीसमोर ताट वाढलं आणि पाट रिकामा राहिला. गुरुजींनी पाणी सोडायला नाव विचारलं. मुलगा खाली बघत होता. काकूंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. गुरुजींनी 'अमुक' म्हणून पाणी सोडलं. ते ताट नंतर गाईला घातलं.

भांडं मात्र काकूंनी सकाळीच लावलं होतं. संत्र्याच्या फोडी सोलायला मी होते. गुडघे दुखतात म्हणून त्या काकांच्या खुर्चीत बसून सांगत होत्या, आंबे खाली, कणिक वर. पंच्याची गाठ त्यांनी स्वतः बांधली. सगळे गेल्यावर मी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसले. महिनाअखेर माझी वर्ध्याला बदली आहे. नंबर मी त्यांच्या फोनमध्येही घालून दिला आहे. नावाच्या जागी काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, राहू द्या. तिथे नुसता नंबर आहे.

"लावू का?" मी म्हटलं.

काकू भांड्याकडे बघत होत्या. काचेच्या आत पंचा ओला झाला होता.

"बाई, फोनवर कानात सांगतलं त चालन का? मानूस समोर पाह्यजे म्हनले होते न गुरुजी."

"चालेल," मी म्हटलं. गुरुजींना मी विचारलेलं नाही.

त्यांनी मान हलवली. फोन माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मांडीवर ठेवला. "काय म्हनाचं आधी? नाव घ्याचं का बाबा गेले म्हनाचं?"

"नाव घ्या आधी."

बाहेर लाईन गेली. पंखा फिरत फिरत थांबला. इन्व्हर्टरचा दिवा लागला आणि भांड्याचा दिवा तसाच राहिला. काकूंनी पदर तोंडावरून फिरवला.

"शिजू द्या आधी," त्या म्हणाल्या. "मंग लावू. झाकन नका उघडू."

दुपार गेली. भांडं झालं, कढई रेतीत ठेवली, आम्ही दोघींनी थोडं थोडं खाल्लं. बी एकही आली नाही. काकू खुर्चीतच डोळे मिटून बसल्या आहेत, फोन मांडीवर आहे. मी वर येऊन हे लिहिलं. मोकळी सोडलेली ओळ तशीच आहे. इंदोरला फोन करणं बाकी आहे.